नैसर्गिक वायूच्या विहिरींमुळे रानातले एल्क (आपल्या सांबराचे भाऊबंदच) जागा सोडतात का?

हो, पण विहिरीपेक्षा त्यांना तिथवर नेणारा रस्ता जास्त नडतो. अमेरिकेत वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यात, फोर्टिफिकेशन क्रीक परिसरात कोळशाच्या थरांतला मिथेन वायू काढायला सुरुवात झाली. वायोमिंग विद्यापीठातल्या पदव्युत्तर संशोधनात तिथल्या एल्कना जीपीएस पट्टे बांधले आणि त्यांचा वावर १९९०च्या दशकातल्या, विहिरींआधीच्या नोंदींशी ताडून पाहिला. अशा जुन्या नोंदी हाताशी असणं हे नशीबच. बहुतेक अभ्यास खोदकाम सुरू झाल्यावर जागे होतात. तर, एल्क रस्त्यांपासून लांब, खडबडीत चढउतारांकडे आणि जुनिपर या सदाहरित झाडाझुडपांच्या आडोशाला सरकले. कळप त्या भागातच राहिले, म्हणून नुसती डोकी मोजली तर सगळं ठीक वाटतं. पण पूर्वी भरपूर वापरलेली जागा मात्र त्यांच्या हातून जाते.