उशीगिरी : मुळातच पकड आहे

प्रश्न असा आला आहे : "आम्ही मैत्रिणी गमतीचे नवे शब्द पाडतो. सुट्टीच्या सकाळी जाग आल्यावरही उशी कवटाळून लोळत राहण्याला आम्ही 'उशीगिरी' म्हणतो. एका जाणकारांनी ते ऐकून नाक मुरडलं. मराठी शब्दाला हिंदी प्रत्यय का लावता, म्हणाले. खरंच चुकलं का? आणि लिहायचं कसं, उशीगिरी की उशागिरी?"

चुकलं ते जाणकारांचं. '-गिरी' हिंदी आहे, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. २००६ साली एका सिनेमामुळे 'गांधीगिरी' सगळ्यांच्या तोंडी बसली आणि जणू तिथूनच हा प्रत्यय उगवला, अशी समजूत झाली. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ सालची आहे. त्याच्याही कितीतरी आधी मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघत.

ही मुलूखगिरीच घ्या. फारसीत 'गिरफ्तन' म्हणजे धरणं, पकडणं आणि 'गीर' म्हणजे धरणारा. मुलूख धरणारा तो मुलूखगीर, जग धरणारा तो जहांगीर. 'गिरफ्तार'ही याच घरातला. आणि दिलगीर? ज्याचं काळीज दुःखानं धरलंय तो. दिलगिरी म्हणजे काळजाला बसलेली पकड. म्हणून कुणी 'आम्ही दिलगिरी मागतो' म्हणालं की मला राहवत नाही. मागतात ती माफी. दिलगिरी व्यक्त करायची असते, आपलंच दुःख दुसऱ्याकडे कसं मागणार?

पण खरा आनंद याच्या पुढे आहे. हे गिरफ्तन आणि संस्कृतातला 'ग्रह्' धातू एकाच मुळाचे. वेदात त्याचं जुनं रूप 'गृभ्' असं येतं. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात वर म्हणतो, 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्', सौभाग्यासाठी तुझा हात धरतो. आता फारसी 'दस्तगीर' शेजारी ठेवा. दस्त म्हणजे हात, दस्तगीर म्हणजे हात धरणारा, अडल्यावेळी मदतीला येणारा. मी एकदा हे कागदावर एकाखाली एक लिहून पाहिलं : हस्त, दस्त. गृभ्, गीर. दोन्ही जोड्या सख्ख्या भावंडांच्या. त्या दिवशी दुसरं काही काम सुचलं नाही.

या प्रत्ययाला परका म्हणून हाकलायचं? सावरकरांनी महापौर, दिनांक, क्रमांक असे शब्द दिले, आपण ते रोज वापरतो, त्यांच्या कसबाबद्दल मला आदरच आहे. पण फारसी-अरबी वेचून बाहेर काढण्याचा त्यांचा आग्रह मला कधीच पटला नाही. भांडखोर, पाणीदार, डौलदार यांचं धड मराठी आणि शेपूट फारसी. '-खोर' म्हणजे खाणारा, म्हणजे भांडण हेच ज्याचं खाणं तो भांडखोर. त्याच्या जागी 'कलहप्रिय' म्हणून बघा, सगळा ठसका जातो.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. त्यांच्या मते गुलामगिरी-दादागिरीतली 'गिरी' गीरची नव्हेच, ती '-गरी'ची. जादूगर, कारीगर यांतला 'गर' म्हणजे करणारा, आपल्या दिनकरातल्या 'कर'चा भाऊ. कारागिरी तिथूनच आली, हे मान्य. म्हणून सगळ्या गिऱ्या एकाच दावणीला बांधणं मला मंजूर नाही. मराठी कानाला मुलूखगिरीची सवय होती. दादा नुसतं काही करत नाही, तो गल्ली धरून बसतो. प्रत्यय आला कुठून हे कोशात सापडेल, पण तो कोणत्या अर्थाकडे झुकेल हे बोलणारे ठरवतात, आणि मराठी बोलणाऱ्यांनी तो पकडीकडे झुकवला, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या शब्दानं तर या मताला बळच दिलं. गिरफ्तन ठाऊक नसताना तुम्ही 'गिरी' नेमकी उशी कवटाळण्याला लावलीत. उशीगिरी म्हणजे अक्षरशः उशी धरून ठेवणं. गंमत म्हणून पाडलेला शब्द मुळाशी इतका चपखल बसलेला मी क्वचितच पाहिला आहे. बिनधास्त वापरा, आणखी पाडा.

हो, लिहायचं कसं ते राहिलंच. उशीगिरी. उशा कितीही असोत. गाडीवानाकडे चार गाड्या असल्या तरी आपण त्याला गाड्यावान म्हणत नाही.