छोटी पेट्रोल गाडी घरी इलेक्ट्रिक करायची आहे. मोटार किती किलोवॉटची घ्यावी आणि क्लच काढून टाकला तर चालतो का?

मोटारीचं आधी उरकतो. माणसांसकट हजार किलो भरणारी गाडी सपाट रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरने पळवायला चाकांपाशी साधारण 4 किलोवॉट लागतात. दर 10 मीटरला 1 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर तीच गाडी 40 च्या वेगाने न्यायची तर 13 च्या आसपास. म्हणजे सलग 15 आणि थोडा वेळ 30 किलोवॉट देणारी मोटार पुरते. विकणारा मोठा आकडा सांगतो तो बहुतेक थोड्या वेळाचा असतो. सलगचा किती, ते विचारून घ्या.

आता क्लच. यावरून माझं आणि मोठ्या भावाचं सहा वर्षं वाजतंय, म्हणून लिहायला बसलो.

दादाचं म्हणणं, इलेक्ट्रिक मोटार शून्य फेऱ्यांपासून जोर देते, ती सिग्नलला बंद पडत नाही, मग क्लच हवा कशाला? म्हणून फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो), क्लच सगळं काढलं. क्लच प्लेटच्या मधला दातेरी तुकडा कापून कपलिंगला (दोन शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याला) वेल्ड केला आणि मोटार थेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला, म्हणजे जोर आत घेणाऱ्या दांड्याला, जोडली. मोटार आणि गिअरबॉक्स यांच्या मधली ॲडाप्टर प्लेट करताना दादाने बेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या तोंडावर) पुठ्ठा दाबून भोकांच्या खुणा घेतल्या. मी म्हणत होतो, गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर लेथवाल्याकडे नेऊ, नीट मापं घेऊन प्लेट करू. तो म्हणाला, "बोल्ट बसले ना सगळे? मग झालं तर."

बोल्ट बसतातच. त्यांची भोकं बोल्टापेक्षा थोडी मोठी असतात, बोल्टांचं काम फक्त आवळून धरणं. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत कोण आणतं? त्या दोन डॉवेल पिना, नेमक्या मापाच्या घट्ट बसणाऱ्या खुंट्या. आमच्या प्लेटमध्ये पिनांसाठी मोठी भोकं पाडून त्या मोकळ्या सोडल्या होत्या. गाडी चालली, पहिल्या दिवशी आम्ही दोघंही हरखून गेलो होतो. पण मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या वर पायाखाली गुरगुर यायची. दादा म्हणे, इंजिनाचा आवाज गेला की गिअरबॉक्सचा ऐकू येतोच. तेही खरं असतं, म्हणून मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं मला आजही डाचतं. तीन आठवड्यांत ऑइल सील गळायला लागलं, मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं. उतरवून डायल गेज (बारीक सरक मोजणारं काट्याचं माप) लावला तर मध्य 0.4 मिलिमीटर सरकलेला, शिवाय प्लेटसोबत अंतर भरायला घातलेल्या स्पेसरची दोन तोंडं समांतर नव्हती.

पुष्कळ गाड्यांत इनपुट शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलमधल्या छोट्या बेअरिंगमध्ये टेकतं. फ्लायव्हील गेलं की तो आधारही गेला. क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा मोटारीचा झटका थोडा पितात, कडक कपलिंग तो सगळाच्या सगळा दातांवर घालतं. दुसऱ्यांदा आम्ही मोटारीच्या शाफ्टवर हब (फ्लायव्हील धरणारा गोल तुकडा) बसवून त्यावर जुनंच फ्लायव्हील आणि क्लच चढवला, आणि प्लेटची सगळी मापं डॉवेल पिनांवरून घेतली. तेव्हापासून गिअरबॉक्स उघडलेला नाही.

म्हणून इंजिन उतरवाल त्या दिवशी, क्लच काढल्यावर लगेच, फ्लायव्हीलच्या तोंडापासून इंजिनाच्या मागच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. हब आणि प्लेट मिळून नेमकं तेवढंच अंतर यायला हवं. आम्ही इंजिन आधीच देऊन टाकलं होतं. त्या एका मापासाठी भंगारातून तसंच दुसरं इंजिन शोधावं लागलं.

आणखी दोन-तीन गोष्टी, कारण किलोवॉटच्या नादात त्या राहतात. ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनाकडून मिळतो. इंजिन गेलं की पेडल दगड होतं, तेव्हा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप पहिल्या चाचणीच्या आधी बसवा. मोटारीला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरमधले कपॅसिटर प्रीचार्ज रेझिस्टरमधून (ते सावकाश भरू देणारा रोधक) भरल्याशिवाय मेन कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा मोठा स्विच) ओढू नका, त्याची टोकं चिकटतात आणि मग तो सुटत नाही. फ्यूज डीसीसाठीचाच, कारण डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप शून्यावर येऊन विझत नाही. केबलच्या टोकाला लग (धातूची टोपी) क्रिंप करताना, म्हणजे दाबून बसवताना, कंजुषी नको: 200 अँपिअरला एका सांध्यात 1 मिलिओहम जरी राहिला तरी तिथे 40 वॉट उष्णता होते. बॅटरीसाठी एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) 3.2 व्होल्टचे 32 सेल म्हणजे 102 व्होल्ट. ते 100 अँपिअर-अवरचे असतील तर 10 किलोवॉट-अवर, जपून चालवलंत तर साठेक किलोमीटर. बीएमएसशिवाय (सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट) एकही दिवस नाही. 60 व्होल्ट डीसीच्या वर सगळं जिवावरचं समजा, एकट्याने काम करू नका.

हेही सांगायला हवं की क्लचशिवाय धावणाऱ्या घरी केलेल्या गाड्या आहेत आणि चांगल्या चालतात. रेषा अचूक असेल तर दादाचं तत्त्व चुकीचं नाही, गिअर बदलताना फक्त थोडं थांबावं लागतं. काही छोट्या गाड्यांत फ्लायव्हीलमधलं ते बेअरिंग मुळातच नसतं, तुमच्यात आहे का ते उघडल्यावर पाहा. आणि अशा गाडीला रस्त्यावर आणायची परवानगी व विमा मिळतो का, ते इंजिनाचा पहिला बोल्ट सोडण्याआधी विचारा.

पण बेअरिंग "जुनंच होतं, कधीतरी जाणारच होतं" असं दादा अजून प्रत्येकाला सांगतो, ते मला मान्य नाही. ते बेअरिंग मी ठेवलंय. बाहेरच्या कड्याच्या आत गोळ्यांनी पाडलेली चमकदार वाट आहे. नुसत्या वयाने गेलेल्या बेअरिंगमध्ये ती कड्याच्या मधोमध सरळ फिरते. यातली तिरकी आहे, एका बाजूला एका काठाकडे आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या काठाकडे.