काचबिंदूचे थेंब दोन वर्षं घालूनही नजर सुधारत नाही. थेंब बंद करून ऑपरेशन करावं का?

निपाणीहून विचारताय: वडील 62 वर्षांचे, डोळ्याचा सुरुवातीचा दाब 28, तो उतरवायला रोज रात्री दोन्ही डोळ्यांत लॅटानोप्रॉस्टचा थेंब. ऑपरेशनचं नंतर बघू. आधी सांगा, एक बाटली किती दिवस जाते?

हे कुणी विचारत नाही आणि घोडं तिथंच अडतं. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 80 थेंब. दोन डोळ्यांचे महिन्याला 60. म्हणजे बाटली महिनाभर, फार तर चाळीस दिवस जायला हवी. अडीच महिने जात असेल तर थेंब चुकताहेत. यात्रेला, लग्नाला जाताना बाटली घरीच राहते. पंधरा दिवसांत संपत असेल तर औषध गालावर चाललंय. उघडल्यावर सहा आठवड्यांनी उरलेलं टाकायचं, एक्स्पायरी पुढच्या वर्षाची असली तरी. उघडल्याची तारीख पेनानं बाटलीवर लिहा. सील न तोडलेली फ्रिजमध्येच ठेवायची. उघडलेली 25 अंशांपर्यंत बाहेर चालते, पण तुमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तीही फ्रिजच्या दारात बरी. फ्रीझरमध्ये मात्र नको.

वडिलांना आडवं झोपवा. खालची पापणी ओढली की कप्पा होतो, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही. त्या कप्प्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, ‘असू दे आणखी एक’ म्हणून घातलेला वाहूनच जातो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरा. तिथल्या बारीक भोकातून औषध नाकात, घशात आणि रक्तात जातं. घशाला कडू लागलं तर नीट दाबलं गेलं नाही. दुसरा थेंब चालू असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

आता नजरेचं. ती सुधारणार नाही, थेंबांनी नाही आणि ऑपरेशननंही नाही. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुंबते, दाब चढतो, मागची नस झिजते. झिजलेली नस परत येत नाही; थेंब काय, ऑपरेशन काय, दाब उतरवून उरलेली वाचवायला. मोतीबिंदूशी याचा संबंध फक्त ‘बिंदू’ एवढाच. कन्नडमध्ये मोतीबिंदूला ‘पोरे’ म्हणतात, तिथं निदान हा घोळ होत नाही. थेंब लागू पडले की नाही हे दाबावर आणि फील्ड टेस्टच्या (नजरेचा घेर मोजतात ती) कागदावर कळतं. 28 चा दाब निदान 20 च्या आसपास यायला हवा, नस जास्त खराब असेल तर त्याहून खाली. जुने कागद एका फाईलमध्ये ठेवा; मिरजेला दाखवा नाहीतर बेळगावला, मागचा फील्ड हातात नसेल तर डॉक्टर तुलना कशाशी करणार?

थेंब नीट पडूनही फील्ड खराब होत असेल तर ऑपरेशन लांबवू नका. पण ‘एकदा कापलं की सुटलो’ हे खोटं. पाण्यासाठी केलेली नवी वाट व्रण भरून बंद होऊ शकते, दाब फार उतरू शकतो, जंतुसंसर्गाची भीती पुढेही राहते. मधला पर्याय लेसरचा, त्याचाही असर काही वर्षांत ओसरतो.

आणि माझं जुनं भांडण: डोळा लाल झाला की चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचा थेंब देणारी मेडिकल दुकानं. लाली दोन दिवसांत जाते, गिऱ्हाईक खूश, पुन्हा तीच बाटली मागतं. काही जणांचा दाब त्यावर काही आठवड्यांत चढतो आणि दुखत काहीच नाही. घरातल्या बाटल्या तपासा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनीच दिलं असेल तर मनानं बंद करू नका.

राहिलंच: हे सगळं कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जागा, उघडा असलेल्या काचबिंदूबद्दल. कोन अरुंद असेल तर बुबुळाला लेसरनं भोक पाडतात, तो हिशोब वेगळा. त्यात एकाएकी डोळा ठणकून लाल झाला, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली तर पित्त समजून सोडा पाजत बसू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. टिमोलॉल हा काचबिंदूचा दुसरा थेंब लिहून दिला आणि वडिलांना दमा असेल तर पहिला थेंब घालण्याआधी सांगा. तुमची चाळिशी उलटली असेल तर तुमचाही दाब आणि नस तपासून घ्या, आत्या-काकांनाही न्या.