प्रार्थनेला बसले की झोप लागते, मावशी

प्रिय मावशी,
प्रभूमध्ये नमस्कार. दोन वर्षांपासून सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांचं सगळं करून, मुलांचे अभ्यास बघून मी नोकरीला जाते. पूर्वी पहाटे उठून शास्त्र वाचायची, प्रार्थना करायची. आता डोळे मिटले की झोप लागते. शास्त्र उघडलं तर तेच वचन पुन्हा पुन्हा वाचते आणि आत काही उतरत नाही. उपासनेत गीत गाते, पण मन कोरडं. मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘तुझा विश्वास कमी पडतोय, म्हणून घरावर हे आलंय.’ मी संडे स्कूल घेते. ‘देव आपल्या जवळ आहे’ असं मुलांना शिकवताना मी ढोंगी आहे असं वाटतं. रोज सकाळी मैत्रिणींच्या ग्रुपवर एक वचन पाठवते आणि फोन पालथा ठेवून देते. पती म्हणतात, देवाला सगळं कळतं, तू कशाला एवढा विचार करतेस. मी कामात गुंतलेली मार्थाच राहिले, मावशी. येशूच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरीया होणं मला जमलंच नाही. देव माझ्यावर नाराज आहे का? संडे स्कूल सोडून देऊ का? आणि रोजच्या या धबडग्यात विश्वास टिकवायचा तरी कसा?

प्रिय मुली,

नाही, देव तुझ्यावर नाराज नाही. बाकीचं सगळं नंतर वाच, आधी हे वाच.

त्या बाईंचं बोलणं तुझ्या मनात रुतून बसलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे बघून येशूला विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. जुन्या करारातल्या, संकटांवर संकटं सोसणाऱ्या ईयोबाचे मित्रही त्याला हेच ऐकवत राहिले होते, की तुझंच काहीतरी चुकलं असणार. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग पेटतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. आणि ईयोबानं तर तोंडाला येईल ते बोलून देवाला जाब विचारला होता. दुसऱ्याच्या घरातलं दुखणं बघून त्याच्या विश्वासाचं माप काढायची ही खोड आपल्या मंडळ्यांत फार आहे, आणि ती मला अजिबात सहन होत नाही. सासूबाईंचं वय झालं, शरीर थकलं, म्हणून त्या आजारी आहेत. तुझ्या पहाटेच्या प्रार्थना चुकल्या म्हणून नाही.

आता कोरड्या मनाबद्दल. गीत गाताना काही वाटत नाही म्हणून आपण देवापासून लांब गेलो, असं तू धरून चालली आहेस. स्तोत्रसंहिता एकदा त्या नजरेनं चाळून बघ. 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली सुमारे तिसरा हिस्सा विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात दावीद विचारतो, परमेश्वरा, किती काळ? मला कायमचाच विसरणार का? पण त्याच्या शेवटाला निदान आशा तरी आहे. अठ्ठ्याऐंशीवं वाच. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तरीही ते काढून टाकावं असं कोणाला वाटलं नाही. ती उपासनेत म्हणायची गाणी होती, म्हणजे ज्याला आत काहीच जाणवत नाही त्याच्यासाठीसुद्धा उपासनेत जागा ठेवलेली होती.

मदर तेरेसांचं माहीत असेलच तुला. 1997 मध्ये त्या वारल्या, आणि 2007 मध्ये त्यांची आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रं प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. मधला थोडा काळ सोडला तर आत फक्त रितेपण. त्या काळातच त्या रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसांना उचलून आणत होत्या, धूत होत्या, भरवत होत्या. ती पत्रं वाचून काही लोक म्हणाले, बाईंचा विश्वासच नव्हता. मला उलट वाटतं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या न जाणवण्यानं कोणी इतकं तळमळत नाही. तूसुद्धा तळमळते आहेस. मनातून देव गेलेली बाई मावशीला चार पानी पत्र लिहीत बसत नाही.

पण तुझ्या पत्रातली पहिली ओळ मी परत परत वाचली. सासूबाईंचं सगळं करते, असं लिहून तू पुढे गेलीस, जणू ते काम वेगळं आणि विश्वास वेगळा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, आजारी होतो तेव्हा माझी विचारपूस केली. हे आपण शंभर वेळा ऐकलंय. त्यावरचं त्यांचं उत्तर मात्र आपण भरभर वाचून टाकतो. ते म्हणतात, प्रभो, आम्ही तुला आजारी कधी पाहिलं? त्यांना पत्ताच नव्हता. काम करताना त्यांना येशू दिसला नव्हता, अंगावर शहारा आला नव्हता, मन भरून आलं नव्हतं. समोर एक आजारी माणूस होता आणि ते त्याचं करत होते. राजा त्यांना असं म्हणत नाही की तुम्हाला जाणीव नव्हती म्हणून ते धरलं जाणार नाही. सासूबाईंना कुशीवर वळवताना, त्यांची पाठ पुसताना तुला काही वाटत नसेल, कधी चीडही येत असेल. ती येते, त्यात नवल नाही. तरी त्या वेळी तू प्रभूपासून लांब नसतेस. उद्या सकाळी पाठ पुसताना फक्त एवढं आठव.

आणि मार्थेवरून स्वतःला बोल लावणं थांबव. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू तिला म्हणतो की तू फार काळजी आणि दगदग करतेस. त्या वाक्यात दटावणीपेक्षा माया जास्त आहे. दोनदा नाव घेऊन हाक मारलीय त्यानं तिला. आणि तिची गोष्ट तिथं संपत नाही, हे उपदेशात क्वचितच ऐकू येतं. योहानाच्या अकराव्या अध्यायात तिचा भाऊ लाजर मरतो. येशूला सामोरी जाते ती मार्था. मरीया घरात बसून राहते. मार्था आधी तक्रार करते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. आणि थोड्याच वेळात म्हणते, तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, असा माझा विश्वास आहे. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र, त्याच्या कबुलीच्या तोलाची कबुली आहे ही, आणि कामात बुडालेल्या, तोंडावर तक्रार करणाऱ्या बाईनं दिलेली. तेव्हा तू मार्था आहेस म्हणतेस, तर पुरती मार्था हो. प्रभूकडे तक्रार कर. ‘तू इथं असतास तर’ असं रडून, चिडून म्हण. ती प्रार्थनाच आहे.

झोपेचं सांगते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, परमेश्वरा, माझा जीव घे. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला माणूस हा, आणि आता मरण मागतोय. देव त्याला वचन ऐकवत नाही, विश्वास वाढव म्हणत नाही. त्याला झोपू देतो. देवदूत येऊन उठवतो, खायला-प्यायला देतो. तो परत झोपतो. देवदूत परत उठवतो आणि सांगतो, खा, नाहीतर वाट तुला झेपणार नाही. देवाची मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर, होरेब डोंगरावर. आधी झोप आणि अन्न, मग बोलणं. हा क्रम देवानंच लावलेला आहे. प्रार्थनेला बसून तुला झोप लागली तर झोप. सध्या पहाटेची ती वेळ सोडून दे आणि अपराधी वाटून न घेता सोड.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घे. झोपून उठल्यावरही थकवा जात नसेल, कशातच आनंद वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त, बहुतेक रोज चाललं असेल, तर डॉक्टरांना भेट. नैराश्य हा आजार आहे. ते पाप नाही आणि अविश्वासही नाही. एलीयासारखं ‘आता पुरे’ मनात येत असेल तर थांबू नकोस, त्याच दिवशी घरच्यांना सांग आणि डॉक्टरांकडे जा.

तुझ्या पतीबद्दल दोन शब्द. देवाला सगळं कळतं हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण सासूबाई त्यांच्या आई आहेत. निर्गम पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसतो, आणि त्याचा सासरा इथ्रो बघून म्हणतो, हे तू करतोस ते बरं नाही, तू झिजून जाशील, तुझ्याच्यानं हे एकट्यानं होणार नाही. मग कामं वाटून दिली जातात. इथ्रोचं हे बोलणं पवित्र शास्त्रात आहे, आणि घरातल्या कामांनाही ते लागू आहे. रात्रीचं आईंचं पतींनी बघावं की सकाळचं, हे दोघं बसून ठरवा. हे मागताना संकोच करू नकोस. आपला क्रूस म्हणून सगळं एकटीनं ओढत राहायला प्रभूनं सांगितलेलं नाही. त्याचा स्वतःचा क्रूससुद्धा वाटेत कुरेनेकर शिमोनानं वाहिला.

आता राहिला रोजचा विश्वास. रानात इस्राएली लोकांना देवाकडून मान्ना हे अन्न मिळायचं ते त्या दिवसापुरतं. उद्यासाठी साठवलं की त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुप्पट. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढंच आहे. पुढच्या वर्षाला पुरेल एवढा विश्वास तुझ्याकडे नाही म्हणून तू घाबरतेस, आणि तो कोणाकडेच नसतो. आजच्या दिवसाचा माग. अध्याय वाचून होत नसेल तर एक वचन घे आणि आठवडाभर तेच राहू दे. वाचता येत नसेल तर कामं करताना फोनवर शास्त्र ऐक. सासूबाईंची चादर बदलताना प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हण. त्यांना येत असेल तर त्याही म्हणतील. शब्दच सुचत नसतील तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो की आपल्याला काय मागावं हे कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी मागतो.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांना स्वयंपाकघरात काम दिलं होतं आणि ते काम त्यांना मनापासून नावडतं होतं. अनेक वर्षं त्यांच्या मनालाही शांती नव्हती. आपण तारले जाणार नाही अशी भीती त्यांना खात होती. हळूहळू त्यांनी कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत फरक करणं सोडलं. भांड्यांच्या खडखडाटात, चार माणसं चार गोष्टी मागत असताना ते देवाशी बोलत राहिले. मन भरकटलं की स्वतःवर न चिडता परत बोलायला लागायचे. 1691 साली ते वारले. त्यांच्याकडे शिकायला विद्वान माणसं यायची, ती या सवयीसाठी.

तरीही एकटीनं जमणार नाही, असे दिवस येतील. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला खाटेसकट उचलून आणतात आणि छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडतात. मार्क लिहितो, येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस काय मानत होता, कितपत मानत होता, ते लिहिलेलंच नाही. तुझ्या वतीनं काही दिवस दुसरे कोणी विश्वास धरतील, त्यांना धरू दे. पण त्यासाठी त्यांना कळायला हवं. तू ग्रुपवर रोज वचन पाठवतेस, म्हणजे तुझ्या मैत्रिणींना वाटतं की तुझं छान चाललंय. उद्या वचन पाठवू नकोस. लिही, मी थकले आहे, मला प्रार्थना करता येत नाहीये, तुम्ही माझ्यासाठी करा. एखादी गप्प राहील, एखादी सल्ला देईल. पण कोणीतरी दुपारी येऊन दोन तास सासूबाईंजवळ बसेल, आणि बहुधा ती तीच असेल जी स्वतः मनातून कोरडी पडलेली आहे आणि अजून कोणाला बोललेली नाही.

संडे स्कूल अपराधीपणापोटी सोडू नकोस. अंगात त्राण नसेल म्हणून महिनाभर सुट्टी घ्यायची असेल तर जरूर घे, पाळकांना तसं सांग. ढोंग म्हणजे नसलेलं आहे असं दाखवणं. ‘देव जवळ आहे’ हे मुलांना सांगताना तू आपल्या भावनेची ग्वाही देत नाहीस, त्यानं दिलेलं वचन सांगतेस. मुलांना हेही सांगता येईल की टीचर आज दमल्यात, माझ्यासाठी प्रार्थना करा. मुलं अशी प्रार्थना अगदी सरळ करतात. आणि त्या बापाची गोष्ट सांग त्यांना, जो मुलाला घेऊन येशूकडे आला आणि म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूनं त्याला परत पाठवलं नाही. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचा मुलगा बरा झाला.

त्या ज्येष्ठ बाई पुन्हा काही बोलल्या तर वाद घालू नकोस. एवढंच म्हण, ‘काकू, माझ्या विश्वासासाठी प्रार्थना करा, आणि जमलं तर शनिवारी तासभर सासूबाईंजवळ येऊन बसा.’

तुझं नाव मी माझ्या रोजच्या प्रार्थनेत घेतलंय. पतींशी बोलणं झालं की कळव.

तुझी,
मावशी