वाचकांचे प्रश्न : नादारीनंतरचं पहिलं क्रेडिट कार्ड

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप होतं. ते बंद पडलं, देणी फिटेनात, शेवटी शिवाजीनगरच्या न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करावा लागला. गेल्या वर्षी मुक्ततेचा आदेश मिळाला. आता चाकणला नोकरी आहे, पगार दरमहा खात्यात जमा होतो. चार बँकांकडे क्रेडिट कार्डासाठी अर्ज केले, चारही नामंजूर झाले. कोणतं कार्ड घ्यावं? – एक वाचक, भोसरी

उत्तर : पाचवा अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदपत्रात, नोंदली जाते. लागोपाठ चार चौकश्या दिसल्या की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असाच अर्थ पुढची बँक काढते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर, म्हणजे त्यातला तुमची पत दाखवणारा आकडा, घटत नाही, त्यामुळे सुरुवात तिथून करा.

मुक्ततेच्या आदेशाची प्रमाणित प्रत हाताशी ठेवा. दिवाळखोरी संहिता 2016 ची असली, तरी व्यक्तींपुरती ती कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनाच 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाली. बाकीच्यांसाठी पुण्यात 1920 चा जुना नादारी कायदाच आहे. त्याच्या कलम 72 नुसार, मुक्तता न झालेल्या नादाराने ती गोष्ट न सांगता 50 रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर तो गुन्हा आहे. तुमची मुक्तता झाली आहे, म्हणून ही अडचण तुम्हाला नाही. पण ज्यांचं प्रकरण अजून चालू आहे, त्यांनी कार्डाचा विचारही आत्ता करू नये.

मग कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांचे रिपोर्ट काढा : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही काढायचे, कारण एकीकडची चूक दुसरीकडे असेलच असं नाही. रिपोर्टमध्ये स्कोअरच्या आकड्यावर थांबू नका. खाली प्रत्येक कर्जाचा वेगळा चौकोन असतो. त्यात थकबाकीची रक्कम, खात्याची स्थिती आणि महिन्यागणिक 'डीपीडी', म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा भरला, ते दिसतं. तिथे '000' किंवा 'एसटीडी' असेल तर ठीक. '090' म्हणजे नव्वद दिवसांची थकबाकी. आदेशाने ज्या देण्यातून तुम्ही सुटलात, ते अजूनही चालू थकबाकी म्हणून दिसत असेल, तर स्कोअर सुधारण्याच्या आड तेच येतंय.

अशा नोंदीवर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार टाका आणि आदेशाची प्रत जोडून संबंधित बँकेलाही लेखी कळवा. तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागायला हवा. उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही. एक अपेक्षा मात्र ठेवू नका : जुना उशीर खरा असेल तर तो पुसला जाणार नाही. 'सात वर्षांनी सगळं साफ होतं' हेही सर्रास सांगितलं जातं, पण सात वर्षं ही माहिती जपून ठेवण्याची किमान मुदत आहे.

आता कार्ड. तुमच्या परिस्थितीत मुदतठेवीवरचंच कार्ड घ्या. बँक तुमच्या एफडीवर लीन, म्हणजे बोजा, चढवते आणि त्या बदल्यात कार्डावर खर्चाची मर्यादा देते. बहुतेक ठिकाणी ती ठेवीच्या 80 ते 90 टक्के असते, काही ठिकाणी पूर्ण. एसबीआय कार्डचं उन्नती आणि आयडीएफसी फर्स्टचं वॉव ही या प्रकारची माहितीतली नावं. किमान ठेव आणि फी मधूनमधून बदलते, म्हणून सही करण्याआधी त्या दिवसाचं शुल्कपत्रक मागून घ्या. पतसंस्थेतली पावती इथे चालत नाही. ठेव कार्ड देणाऱ्या बँकेतच आणि तुमच्या नावावर हवी. ज्या बँकेचे पैसे बुडाले होते तिथे जाऊ नका. रिपोर्ट सुधारला तरी बँकेच्या स्वतःच्या दप्तरातली नोंद राहते.

रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरच्या लाउंजकडे पाहू नका. काउंटरवर चार गोष्टी विचारा. हे कार्ड चारही संस्थांना 'क्रेडिट कार्ड' म्हणूनच कळवलं जातं का? (प्रीपेड किंवा डेबिट कार्डाने पत बनत नाही.) वार्षिक फी कितव्या वर्षापासून लागते? पुढे साधं कार्ड देताना लीन काढतात का? पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावता येतं का?

समजा 25,000 ची एफडी केली आणि 20,000 ची मर्यादा मिळाली. बिलाच्या तारखेला वापर 6,000 च्या आत, म्हणजे 30 टक्क्यांखाली, ठेवा. हा कायदा नाही, पण या रेषेच्या वर सतत राहिलं की स्कोअर दबतो. मोबाइल रिचार्ज, वीजबिल आणि पेट्रोल एवढंच त्यावर टाका. एखाद्या महिन्यात टायर बदलावे लागले आणि वापर 14,000 वर गेला, तर बिल तयार होण्याआधीच 9,000 भरून टाका. बिलात 5,000 च उरतील. 1 जानेवारी 2025 पासून बँका दर पंधरा दिवसांनी किंवा त्याहून लवकर या संस्थांना माहिती कळवतात, त्यामुळे चांगलं वागणं लवकर दिसतं आणि वाईटही.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते 'मिनिमम ड्यू'ला, म्हणजे बिलावर छापलेल्या किमान रकमेला. 6,000 च्या बिलावर 5 टक्के म्हणजे 300 भरले की दंड टळतो, व्याज टळत नाही. उरलेल्या 5,700 वर महिन्याला 3.5 टक्के धरले तरी 199 रुपये 50 पैसे, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 235 रुपये गेले. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ऑटो-डेबिटच्या फॉर्ममध्ये 'टोटल ड्यू' आणि 'मिनिमम ड्यू' असे दोन पर्याय असतात. खूण पहिल्यावरच आहे ना, हे कार्ड चालू झाल्यावर अ‍ॅपमध्येही तपासा. पगार 7 तारखेला आणि बिलाची शेवटची तारीख 4 असेल, तर बिलाचं चक्र बदलून मागा. निदान एकदा ते बदलून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणि 'एफडी आहेच, नाही भरलं तर बँक त्यातून वळते करून घेईल' असं मनातही आणू नका. बँक वळते करून घेईल, पण काही आठवड्यांनी. तोवर थकबाकीची नोंद झालेली असेल. ठेव बँकेला वाचवते, तुमच्या रिपोर्टला नाही.

प्रश्न : 2021 मध्ये नोकरी गेली. कार्डाची 1,40,000 थकबाकी 60,000 मध्ये सेटल केली. रिपोर्टवर अजून 'सेटल्ड' आहे. उरलेले 80,000 भरू, की नवं कार्ड घेऊ? – एक वाचक, खराडी

उत्तर : दोन वर्षांच्या आत गृहकर्ज घ्यायचं असेल तर 80,000 भरा, कारण बँकेच्या टेबलावर 'सेटल्ड' हा शब्दच अडतो. पण पैसे देण्याआधी बँकेकडून लेखी घ्या : अमुक रक्कम भरल्यावर खाते 'क्लोज्ड' म्हणून कळवू आणि नो ड्यूज, म्हणजे देणं बाकी नसल्याचं, प्रमाणपत्र देऊ. रक्कम खात्यातूनच द्या, वसुली एजंटाच्या हातात रोख नको. 'क्लोज्ड' झालं तरी जुन्या डीपीडीचे आकडे राहतील, हे धरून चाला.

गृहकर्जाची घाई नसेल तर आमचं मत वेगळं आहे. आधी 25,000 च्या ठेवीवर कार्ड घ्या आणि वर्षभर चोख चालवा. 80,000 हळूहळू साठवा. सगळी बचत जुन्या खात्यात ओतून हात रिकामे ठेवलेत, तर पुढच्या अडचणीत पुन्हा उधारीच करावी लागेल. कार्ड दुसऱ्या बँकेचं घ्या. तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच बँकेने किमान 12 महिने नवं कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा जून 2023 पासूनचा नियम आहे. तुमची ती मुदत सरली असली तरी तिथे नकाराचीच शक्यता जास्त.

प्रश्न : एकजण 15,000 रुपयांत 45 दिवसांत स्कोअर 580 वरून 750 करून देतो म्हणतो. द्यावेत का? – एक वाचक, वडगाव शेरी

उत्तर : नाही. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता आणि खरी नोंद कोणीच काढू शकत नाही. पॅन आणि ओटीपी त्याला दिला असेल, तर आजच रिपोर्ट काढून तुमच्या नावावर नवं कर्ज निघालं नाही ना, ते पाहा. त्या 15,000 मध्ये थोडी भर घातली तर ठेवीवरचं कार्ड येतं.

प्रश्न : ठेवीवरचं कार्ड दीड वर्ष वापरलं, एकही बिल चुकलं नाही. आता साधं कार्ड मिळालं. जुनं बंद करू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : फी नसेल तर चालू ठेवा. रिपोर्टवरचं तुमचं सगळ्यात जुनं चांगलं खातं तेच आहे. फी असेल आणि बंद करायचं असेल, तर नुसतं कपाटात टाकून देऊ नका. 499 फी आणि जीएसटी मिळून 588 रुपये 82 पैसे न भरता राहिले, तरी थकबाकी लागते आणि दीड वर्षाची मेहनत तेवढ्यावर वाया जाते. सगळं बिल भरून लेखी अर्ज द्या. देणं बाकी नसेल तर 7 कामाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. त्यापुढे दर दिवसाला 500 रुपये दंड बँकेवर. एफडीवरचा लीन आपोआप उतरतोच असं नाही. तो काढल्याचं लेखी मागा आणि नेट बँकिंगमध्ये ठेवीसमोरची लीनची रक्कम शून्य झालेली पाहूनच ठेव मोडा.