चुलत्यांचा एकांतवास

प्रश्न : आमचे थोरले चुलते चुलतीच्या निधनानंतर खानापूर तालुक्यातील आमच्या शिवारात खोपट बांधून एकटेच राहतात. घरी येत नाहीत, लग्नकार्य टाळतात, भाकरीचा डबा मात्र घेतात. गावात कोणी त्यांना साधू म्हणते, तर कोणी डोके फिरले म्हणते. आम्ही काय समजावे? — एक वाचक

उत्तर : आपल्या पत्रातील डब्याचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागातील विरक्तांनीही गावाशी असलेला धागा पूर्णपणे तोडलेला नाही. निपाणी परिसरातील भोजचे आचार्य शांतिसागर महाराज (१८७२–१९५५) ज्या दिगंबर जैन मार्गाने गेले, त्या मार्गातील मुनी घरदार आणि वस्त्रेही सोडतात. तरीही दिवसातून एकदाच, उभ्याने आणि ओंजळीत घ्यावयाचा आहार त्यांना श्रावकांकडूनच, म्हणजे जैन गृहस्थांकडूनच मिळतो, शिवाय चातुर्मासात त्यांना एकाच ठिकाणी मुक्काम करावा लागतो. बाळेकुंद्रीचे पंत महाराज (१८५५–१९०५) यांनी तर बेळगावात शिक्षकी करून, प्रपंचात राहूनच दत्तसंप्रदायातील अवधूत मार्ग चालवला. तेव्हा शिवारात राहतो म्हणून साधू आणि मांडवात येत नाही म्हणून वेडा, हे दोन्ही निवाडे उतावीळपणाचे आहेत. (गावाला तिसरा निवाडा सहसा सुचत नाही.)

डबा घासूनपुसून परत येतो, की भाकरी तशीच वाळून येते, हे आधी पाहा. अंघोळ, झोप, चूल आणि गुरांची देखभाल नीट चालू असेल, तर त्यांना त्यांच्या मनाप्रमाणे राहू द्यावे. उतारवयात ऐकू कमी येऊ लागलेला माणूसही लग्नघरातील गोंगाट टाळतो, हे पुष्कळदा घरच्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून कान आणि डोळे तपासून घ्यावेत. मात्र जेवण सुटले, अकारण संशय वाढला, ओळखीची वाट चुकू लागली किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे कानी आले, तर अंगारे-धुपारे करीत दिवस घालवू नयेत. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवता येईल; १४४१६ या सरकारी मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

डबा पोरांच्या हाती न धाडता आपण स्वतः न्यावा आणि घडीभर बसून यावे. घरी चला, हा विषय तेवढा काढू नये. मृगाचा पाऊस लागण्याआधी खोपटाचे छप्पर शाकारून द्यावे, कारण खानापूरच्या पावसात ते काम त्यांना एकट्याने झेपणारे नाही.