रस्ता नऊ मीटरचा, मंजुरी तीन टॉवरना : रहिवासी संघाने काय करावे?

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगत, वाघबीळच्या आतल्या बाजूला पाच गृहनिर्माण संस्थांचा मिळून आमचा रहिवासी संघ आहे; त्याची नोंदणी केलेली नाही. शेजारच्या बंद कारखान्याच्या जागेवर तीन उंच इमारतींना महापालिकेची परवानगी मिळाली असून खोदकाम सुरू झाले आहे. तिकडे जाणारा एकमेव रस्ता आमच्या दारावरून जातो. विकास आराखड्यात तो १८ मीटरचा आहे, प्रत्यक्षात जेमतेम ९ मीटर भरतो. सकाळी स्कूलबस आणि डंपर समोरासमोर आले की दोन्हींपैकी कोणालाच पुढे जाता येत नाही. रात्री एक वाजेपर्यंत ब्रेकर चालतो. नगररचना विभागाला दोन अर्ज दिले, उत्तर आले नाही. काही सभासद गेट लावून डंपर अडवू म्हणतात. हे बांधकाम आम्हाला थांबवता येईल का?
– सचिव, रहिवासी संघ, ठाणे (पश्चिम)

उत्तर : गेटचा विचार कृपया आजच सोडून द्यावा. रस्ता महापालिकेच्या ताब्यात असेल, तर तो अडवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गैररीत्या अटकाव केल्याची तक्रार आपल्याच पदाधिकाऱ्यांवर होईल, आणि पुढे न्यायालयात समोरची बाजू त्या गेटचे छायाचित्र सर्वांत आधी दाखवील. मात्र हा रस्ता संस्थांच्या अभिन्यासातील (ले-आउटमधील) खासगी रस्ता असेल आणि तो महापालिकेकडे हस्तांतरित झालाच नसेल, तर विकासकाला त्यावरून वहिवाटीचा हक्क कोणत्या दस्ताने मिळाला हे त्यालाच दाखवावे लागेल. म्हणून आपल्या संस्थांचे मंजूर अभिन्यास आणि हस्तांतरणाची कागदपत्रे प्रथम बाहेर काढावीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत राहणाऱ्या प्रत्येकाला कोंडीचा जाच ठाऊक आहे. परंतु वाहतूक वाढेल एवढ्याच कारणावर मंजूर बांधकामाला न्यायालय सहसा स्थगिती देत नाही. त्रास खरा असला तरी परवानगी बेकायदा असल्याचे वेगळे सिद्ध करावे लागते, आणि तसे सिद्ध होण्याची शक्यता आपल्या पत्रातील ९ आणि १८ या दोन आकड्यांत दडलेली आहे. डिसेंबर २०२० पासून ठाण्यालाही लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार (यूडीसीपीआर) भूखंडाला मिळणारा प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारे जादा बांधकाम क्षेत्र) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि उंच इमारतींसाठी दाट वस्तीबाहेरील भागात समोरचा रस्ता किमान १२ मीटर असावा लागतो. तेव्हा आपल्या प्रकरणात रुंदी कोणती धरली, आराखड्यातील १८ मीटर धरली असेल तर रुंदीकरणाखालील जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का, आणि परवानगी देताना त्याबाबत कोणती अट घातली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर आपले प्रकरण उभे राहील किंवा पडेल.

ही उत्तरे तिसरा तक्रार अर्ज देऊन मिळणार नाहीत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, डीपी शेरा (विकास आराखड्यात त्या जागेबाबत काय आहे, हे सांगणारा महापालिकेचा दाखला) आणि अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला यांच्या प्रती मागाव्यात, आणि मूळ नस्तीची (फाइलची) पाहणीही मागावी, कारण टिपणीतील शेरे बहुधा पाहणीतच हाती लागतात. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास प्रथम अपील करावे. तोपर्यंत महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी पाहावी. मंजुरीची बरीच कागदपत्रे तेथे विनाशुल्क मिळतात. एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल, तर पर्यावरण मंजुरीही लागते. ती नुकतीच मिळाली असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही.

कागदांत विसंगती आढळली, तर आयुक्तांकडे सविस्तर निवेदन द्यावे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५१ खाली परवानगी रद्द करता किंवा बदलता येते. अर्जदाराने चुकीची माहिती देऊन ती मिळवली असल्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २५८ आहे. पण कलम ५१ चा अधिकार काम बऱ्याच अंशी पुढे गेल्यावर वापरता येत नाही. आपल्याकडे आज खोदकामच चालू आहे, म्हणून मी घाईचा आग्रह धरतो आहे. सदनिका विकल्या गेल्या की ज्यांनी आयुष्याची पुंजी त्यांत घातली अशी कुटुंबेही प्रकरणात येतात, आणि मग न्यायालयाचा हात आखडतो.

आयुक्तांनी दखल न घेतल्यास मार्ग मुंबई उच्च न्यायालयातील, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील रिट याचिकेचा. दिवाणी दाव्यात परवानगीलाच आव्हान देण्यात नगररचना अधिनियमाच्या कलम १४९ ची आडकाठी येते. शेजाऱ्यांना असा हक्क आहे का, ही शंका नको : उडुपी येथील निवासी भागातील चित्रपटगृहाच्या परवानगीबाबत के. रामदास शेणॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच परिसरातील रहिवाशाचा हा हक्क मान्य केला आहे. याचिका मात्र संघाच्या नावाने करू नये. नोंदणी नसलेल्या संघाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थेला ते आहे. पाचांपैकी निदान दोन संस्थांनी सर्वसाधारण सभेत ठराव करून, कोणाला सही करण्याचा अधिकार दिला हे नावानिशी नोंदवून, स्वतः याचिकाकर्त्या व्हावे.

रात्रीच्या कामाला एवढी वाट पाहण्याची गरज नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवता येत नाहीत. वॉचमनच्या वहीत डंपरचा क्रमांक, येण्याजाण्याची वेळ आणि ब्रेकर बंद झाल्याची वेळ रोज लिहून घ्यावी, सीसीटीव्हीचे चित्रण वेगळे जतन करावे (न्यायालयात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागेल), आणि आठवड्याभराच्या नोंदी जोडून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. शाळेच्या वेळेत डंपरना बंदी घालण्याची मागणी वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांकडे स्वतंत्रपणे करावी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ खाली असे निर्बंध घालता येतात.

परवानगी निर्दोष निघाली, तर बांधकाम थांबणार नाही, हे सभासदांना आधीच स्पष्ट सांगावे. त्या स्थितीतही रस्ता १८ मीटर होईपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, ही मागणी आयुक्तांकडे आणि गरज पडल्यास न्यायालयात करता येईल. आपल्या निवेदनात ती पर्यायी मागणी म्हणून आत्ताच लिहून ठेवावी.